वाट तुटते तिथे मुक्काम

थाई भाषेत हॉटेलला ‘रोंगरॅम’ म्हणतात. ‘रोंग’ म्हणजे एखाद्या कामासाठी बांधलेली मोठी वास्तू. शाळा, भाताची गिरणी, नाटकगृह, गहाणवटीचे दुकान या सगळ्यांच्या थाई नावांत हाच शब्द पुढे येतो. ‘रॅम’ म्हणजे घराबाहेर रात्र काढणे. याच ‘रॅम’चा दुसरा अर्थ वद्य पक्ष असा आहे. दोन अर्थांची गाठ मारून देण्याचा मोह मला झाला; पण व्युत्पत्तीच्या प्रांतात मोहाला फार जवळ करू नये. पहिला अर्थच पुरेसा बोलका आहे. आपण ‘हॉटेल’ म्हटले की आधी खाणे आठवते, ‘लॉज’ म्हटले की खोली. थाई शब्दात खाणे नाही आणि खोलीही नाही. फक्त रात्र आहे, आणि पुढे जाता येत नाही म्हणून ती जिथे काढावी लागते ती जागा आहे.

उत्तर थायलंडमधल्या लांपांग या गावी मी चार रात्री काढल्या. बँकॉकहून लोहमार्गाने लांपांग ६४२ किलोमीटरवर आहे आणि तिथून चिआंग माय आणखी १०९ किलोमीटर. जगभरचे प्रवासी चिआंग मायला जातात. रात्रीची गाडी पहाटे लांपांगला थांबते तेव्हा त्यातले बहुतेक झोपेत असतात. माझ्या डब्यातून उतरणारा मी एकटाच होतो. स्टेशनच्या परिसराला सोप तुई म्हणतात. तिथल्या एका चारमजली हॉटेलात पंख्याची खोली साडेतीनशे बाथला मिळाली. दर्शनी भागावर सिमेंटच्या जाळीच्या विटा, आत मोझॅकची फरशी, सागवानी काउंटर, त्यामागे किल्ल्यांचा फळा. काउंटरच्या पायथ्याशी जमिनीलगत चिनी भूमिदेवाचे लाल देवघर, त्यापुढे चहाचे इवले पेले आणि संत्री. खोलीत कडक गादी, पातळ टॉवेल, आगपेटीएवढा साबण आणि पाण्याच्या दोन बाटल्या. खिडकीतून रेल्वेचे यार्ड दिसे. मुक्कामात तिसऱ्या मजल्यावर माझ्याखेरीज दोनच खोल्यांत दिवा लागलेला पाहिला.

गाव इतके शांत असताना मला एक गोष्ट खटकली. स्टेशनच्या आसपास आणि गावाच्या मुख्य बुन्यावात रस्त्यावर अशा जुन्या हॉटेलांच्या इमारती कितीतरी आहेत. काही चालू, काही पाटी उतरवलेल्या, काहींच्या तळमजल्यावर आता मोबाइलची दुकाने. ज्या गावी कोणी थांबत नाही, तिथे एवढ्या खाटा कोणासाठी घातल्या होत्या? या लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. मला सुचणारे उत्तर असे, की प्रांतीय गावातले साधे हॉटेल गावाच्या सौंदर्यामुळे उभे राहत नाही. ते प्रवास जिथे तुटतो तिथे उभे राहते. पाणी संपून जमीन लागते, रूळ संपून बैलवाट लागते, गाडी बदलावी लागते, परवान्यासाठी अधिकाऱ्याची वाट पाहावी लागते, अशा जागी. पुढे कोणी ती तुटलेली वाट सांधली, की हॉटेल मागे उरते आणि त्याच्याभोवती जी शांतता जमते तिला आपण गावाचा स्वभाव समजतो.

लांपांगची वाट पहिल्यांदा नदीने तोडली होती. गाव वांग नदीच्या काठी आहे. वांग पुढे ताकजवळ पिंग नदीला मिळते आणि पिंग पाकनाम फो इथे नान नदीला मिळून चाओ फ्राया होते. बँकॉकहून उलट प्रवाहाने वर यायचे तर वल्ह्या-बांबूंवर ढकलत आणलेल्या नावेला आठवडेच्या आठवडे लागत. पाणी उतरलेले असले तर महिने. वर आलेला माणूस मग हत्तीवर किंवा पायी निघे. मुक्काम ‘साला’त. हा शब्द आपल्या ‘शाले’चाच थाई अवतार आहे. देवळाच्या आवारात किंवा वाटेकडेला चार खांबांवर छप्पर, बाजू उघड्या. बांधणाऱ्याला पुण्य आणि झोपणाऱ्याला फुकट निवारा. कार्ल बॉक या नॉर्वेजियन प्रवाशाचे १८८४ चे आणि होल्ट हॅलेट या ब्रिटिश इंजिनिअरचे १८९० चे प्रवासवर्णन वाचताना या मुक्कामांची सवय होते. दोघांच्याही पुस्तकांत लांपांगचे नाव ‘लाकोन’ असे येते. तो ‘नाखोन’चा, म्हणजे नगराचा, अपभ्रंश. सालात पैसे द्यावे लागत नसत हे खरे, पण म्हणून तो मुक्काम स्वस्त होता असे म्हणवत नाही. परदेशी माणसाकडे दरबारी पत्र लागे, हत्ती लागत, माहूत आणि भारवाहक लागत. आणि पावसाचे दिवस असले तर भरपूर वेळ लागे.

मग साग आला. म्हणजे साग होताच, त्याला गिऱ्हाईक आले. ब्रह्मदेशातल्या जंगलांचा उपसा झाल्यावर मौलमीनचे ब्रिटिश प्रजाजन असलेले ब्रह्मी आणि शान व्यापारी सयामच्या उत्तरेकडे सरकले. चिआंग माय, लांपांग, लाम्फून इथल्या स्थानिक अधिपतींशी त्यांचे करार होऊ लागले आणि करारांपाठोपाठ तंटे. एकच जंगल दोघांना लिहून दिल्याच्या तक्रारी बँकॉकपर्यंत पोहोचल्या. १८७४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचे सरकार आणि सयाम यांच्यात या तिन्ही नगरांसंबंधी जो तह झाला, त्यावर सह्या झाल्या त्या कोलकात्यात. त्यानंतर मोठ्या कंपन्या उतरल्या. त्यांतली एक आपल्या ओळखीची आहे: बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी मुंबईत स्थापलेली ही कंपनी आज वाडिया समूहात आहे, आणि ब्रिटानिया बिस्किटांची मालकी तिच्याच हाताखाली येते. १८८५ मध्ये याच कंपनीच्या दंडाचे प्रकरण पुढे करून इंग्रजांनी मंडालेचे राज्य घेतले. सयाममध्ये तिला राज्य घेण्याची गरज पडली नाही. लांपांगमध्ये कचेरी, नदीकाठी बंगला आणि जंगलात हत्ती एवढ्यावर भागले.

सागाचा प्रवास माणसाच्या प्रवासाहून संथ असे. झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि वरचे लाकूड कडे काढल्यासारखे छेदून त्याला उभ्यानेच मारायचे आणि दोन वर्षे तसेच वाळू द्यायचे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. मग तोड, मग हत्तीने ओढ्यापर्यंत ओढणे, मग पावसाची वाट. पूर आला तर ओंडके ओढ्यातून नदीत, आणि नदीत खाली त्यांचे तराफे बांधून बँकॉककडे. तोडीपासून बँकॉकपर्यंत पाच वर्षे सहज जात. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला तर ओंडके कोरड्या पात्रात पडून राहत आणि त्यांच्यावर लावलेले भांडवलही. लांपांगच्या त्या काळातल्या साऱ्या मुक्कामांना ही चाल होती. जंगलातून महिन्या-दोन महिन्यांनी येणारा साहेब कंपनीच्या बंगल्यात उतरे. रेजिनाल्ड कॅम्पबेल या तिथल्या एका तरुण अधिकाऱ्याने १९३५ मध्ये आठवणींचे पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘टीक-वाला’. ‘वाला’ आणि ‘बंगला’ हे दोन्ही शब्द हिंदुस्थानातून ब्रह्मदेशमार्गे त्या जंगलात पोहोचले होते.

बंगल्यात न झोपणारे कुठे झोपत? लुआंग प्रबांगच्या डोंगरांतून मजुरीला येणारे खमू लोक तोडीच्या ठिकाणीच, झाडपाल्याच्या झोपड्यांत. माहूत हत्तींच्या जवळ. तराफेवाले तराफ्यावर. ब्रह्मी मुकादम आणि व्यापारी मात्र गावात घरे बांधून राहिले. नदीकाठच्या जुन्या बाजाराला, म्हणजे ‘कात कोंग ता’ला, आजही त्यांच्या लाकडी नक्षीच्या घरांची रांग आहे. त्यांनी देवळेही बांधली; वात सी चुम, वात पा फांग ही त्यांतली दोन. तोडलेल्या झाडांतल्या देवतांचा कोप शमावा म्हणून ही देवळे बांधली, असे गावात सांगतात. मला हे स्पष्टीकरण पटते. पाच वर्षे पावसाच्या भरवशावर पैसा गुंतवणाऱ्या माणसाने देवाशी हिशेब चोख ठेवला तर नवल नाही. गावातले ‘बान साओ नाक’ हे १८९५ चे घर ११६ सागवानी खांबांवर उभे आहे. खांब मोजून मी थकलो आणि पाटीवर विश्वास ठेवला.

वांगच्या पलीकडच्या काठाला, ता मा ओ भागात, एक जुना बंगला आहे. तो लुई लिओनोवेन्सचा. या माणसाच्या आईचे नाव जगाला ठाऊक आहे. राजा मोंगकुटच्या राजवाड्यात १८६२ पासून मुलांना इंग्रजी शिकवणारी ॲना लिओनोवेन्स. तिच्या आठवणींवरून पुढे कादंबरी, संगीतिका आणि चित्रपट झाले, आणि राजाचे चित्रण अवमानकारक ठरून ‘द किंग अँड आय’ हा चित्रपट थायलंडमध्ये दाखवायला बंदी आली. आपण वेल्समध्ये कार्नार्वन इथे जन्मलो असे ॲना आयुष्यभर सांगत राहिली. प्रत्यक्षात तिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा. बाप मुंबई लष्करातला सार्जंट, तो तिच्या जन्माआधीच वारलेला. आजोळ मुंबई फौजेतल्या एका लेफ्टनंटचे, आणि आजी बहुधा एतद्देशीय. १८४९ च्या नाताळात पुण्याला तिचे लग्न झाले. हे सगळे पुसून ती सयामला पोहोचली ती कुलीन वेल्श विधवा म्हणून.

हे उघडकीला आले त्याची कथा लांपांगशी जोडलेली आहे. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे कोळ्यांचे अभ्यासक होते. कोळी म्हणजे जाळे विणणारे. सयाममध्ये कोळी शोधता शोधता त्यांना लुईच्या आयुष्यात रस वाटू लागला आणि त्याचे चरित्र लिहिताना आईच्या जन्माची नोंद वेल्समध्ये सापडेना. शोध हिंदुस्थानातल्या नोंदींपर्यंत गेला. १९७६ मध्ये त्यांचे पुस्तक आले. पुढे सुझन मॉर्गन आणि आल्फ्रेड हाबेगर यांनी ॲनाची स्वतंत्र चरित्रे लिहून तपशील भरले. मॉर्गन यांच्या २००८ च्या पुस्तकाचे नावच ‘बॉम्बे ॲना’ आहे. म्हणजे आईने लपवलेले अहमदनगर जगाला सापडले ते सागाच्या धंद्यातल्या मुलामागे लागलेल्या माणसामुळे. लुईचा जन्म १८५६ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला. बालपण राजवाड्यात, चुलालोंगकोर्नच्या सहवासात. तो १८८१ च्या सुमारास सयामला परतून राजाच्या घोडदळात शिरला आणि तिथून बोर्निओ कंपनीच्या नोकरीत उत्तरेच्या जंगलात. १९०५ मध्ये त्याची स्वतःची कंपनी उभी राहिली. त्या बंगल्यात तो कसा राहिला याच्या रंगेल कथा पुष्कळ सांगितल्या जातात. मला तिथे उभे राहून वाटले ते वेगळेच. कोणाचा मुक्काम कोणत्या छपराखाली पडणार हे त्या गावी माणसाच्या जन्माच्या दाखल्यावर ठरत होते, आणि याच्या आईने तो दाखला बदलून घेतला होता. खरा दाखला पुढे केला असता तर या मुलाला बंगला मिळाला असता की काठावरच्या ब्रह्मी मुकादमांशेजारी एखादे घर?

बँकॉकच्या सरकारने १८९६ मध्ये वनखाते काढले. पहिला प्रमुख हर्बर्ट स्लेड, ब्रह्मदेशातल्या वनसेवेतून मागून घेतलेला इंग्रज. जंगलांचे करार देण्याचा अधिकार हळूहळू स्थानिक अधिपतींकडून बँकॉककडे गेला आणि अधिपतींच्या वाट्याला ठरलेली रक्कम आली. १९०२ मध्ये शान लोकांनी फ्रे गावात बंड केले, लांपांगवरही चालून आले. हान्स मार्कवर्ड येन्सन या डॅनिश कप्तानाने गाव राखले आणि त्याच वर्षी तो लढाईत मारला गेला. बंड मोडल्यावर बँकॉकला उत्तरेत सैन्य लवकर पोहोचवण्याची निकड पटली. रूळ आधीच निघाले होते. आता ते थांबणार नव्हते.

१ एप्रिल १९१६ रोजी लांपांगला रेल्वे पोहोचली. १ एप्रिल हा तेव्हा सयामचा नववर्षदिन. स्टेशनची दुमजली इमारत त्याच वेळची, कमानी युरोपीय आणि लाकडी कठड्यांवरची नक्षी उत्तरेकडची. पण रूळ इथे थांबले. लांपांग आणि चिआंग माय यांच्यामध्ये खुन तान डोंगर आडवा आहे. तिथे १,३५२ मीटरचा बोगदा खणायला १९०७ पासून सुरुवात झाली होती आणि एमिल आयझेनहोफर या जर्मन इंजिनिअरच्या देखरेखीखाली दोन्ही बाजूंनी काम चालू होते. मजूर मुख्यतः चिनी. हिवताप, दरडी, वाघ यांनी किती मारले याच्या कथा डोंगरातल्या छोट्या स्टेशनवर आजही ऐकायला मिळतात. आयझेनहोफरचे स्मारक बोगद्याच्या तोंडाशी आहे. मजुरांपैकी एकाचेही नाव मला तिथे वाचायला मिळाले नाही.

मध्येच महायुद्ध आले. २२ जुलै १९१७ रोजी सयामने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि उत्तरेचा लोहमार्ग बांधणारे जर्मन इंजिनिअर एका रात्रीत शत्रू ठरले. त्यांना स्थानबद्ध केले गेले आणि पुढे ब्रिटिशांच्या हवाली करून हिंदुस्थानात नेले गेले. त्या काळात हिंदुस्थानातल्या जर्मन स्थानबद्धांची मोठी छावणी अहमदनगरला होती. नगर या लेखात दुसऱ्यांदा आले. योगायोगावर याहून अधिक भार टाकत नाही. रेल्वेचा कारभार राजपुत्र पुराछत्र यांच्याकडे आला, बोगदा १९१८ मध्ये पुरा झाला, पण डोंगरापलीकडचे पूल आणि रूळ व्हायला आणखी काही वर्षे गेली. चिआंग मायला नियमित गाडी पोहोचली १ जानेवारी १९२२ ला.

माझ्या मते लांपांगच्या हॉटेलांचे मूळ १९१६ ते १९२२ या अवधीत आहे. पावणेसहा वर्षे हे गाव उत्तर सयामचे टोक होते. त्यात सुरुवातीच्या काळी या मार्गावर गाड्या दिवसाच धावत. रात्री वाटेत मुक्काम करून सकाळी पुढे. चिआंग मायला, फायाओला, चिआंग रायला जाणारे प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पेटी लांपांगला उतरे. पुढे बैलगाडी, घोडा, तट्टांचा तांडा, नंतर मोटार. रॉकेलचे डबे, शिलाई यंत्रे, पत्रे, मीठ वर जाई आणि तांदूळ, लाख, कातडी खाली. गाडी संध्याकाळी आली की पुढची व्यवस्था सकाळी. मधली रात्र कोणीतरी विकायलाच हवी होती.

ती विकली चिनी लोकांनी. विल्यम स्किनर यांच्या थायलंडमधल्या चिनी समाजावरच्या १९५७ च्या ग्रंथात या हालचालीचे चित्र मिळते. नदीच्या काळात वरच्या गावांपर्यंत थोडे चिनी पोहोचले होते, त्यांत हैनान बेटावरचे लोक सर्वांत पुढे. रेल्वेने दर टप्प्याला चिनी दुकानदारांची नवी लाट वर आणली, त्यांत तेओच्यू लोकांचा भरणा वाढत गेला. स्टेशनसमोर आधी चहा-भाताचे दुकान, वरच्या माळ्यावर चटया, मग चटयांच्या जागी फळकुटांच्या भिंती, मग खाटा. दुकानदाराचे कुटुंब खालीच झोपे. बंगल्यात जाण्यासाठी कंपनीची नोकरी लागे आणि सालात झोपायचे तर उघड्यावर झोपण्याची तयारी. या माळ्यावर काही नाणी टेकवली की जातीचा, भाषेचा, देशाचा प्रश्न कोणी विचारत नसे. जन्माच्या दाखल्याशिवाय मिळणारे छप्पर लांपांगला पहिल्यांदा इथे आले, असे मी म्हणेन. इतिहासकारांनी या माळ्यांकडे बंगल्यांइतके लक्ष दिलेले नाही, याचे कारण सरळ आहे: माळ्यावर झोपणाऱ्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

रेल्वेबरोबर घोडागाड्याही आल्या. बँकॉकच्या रस्त्यांवर मोटारी वाढू लागल्या तसा टांग्यांचा तो धंदा उत्तरेकडे सरकला, आणि स्टेशनपासून गावात माणसे नेण्याचे काम त्याला मिळाले. आजही लांपांगला ‘घोडागाड्यांचे गाव’ म्हणतात. प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेले टांगे आता पर्यटकांना फिरवतात. बुन्यावात रस्त्याने त्यांच्या टापा वाजतात तेव्हा जुन्या हॉटेलांच्या गॅलऱ्यांत कोणी डोकावत नाही. या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते बुन्यावात वोंगमानित हे लांपांगचे अखेरचे सत्ताधीश अधिपती. ते १९२२ मध्ये वारले, चिआंग मायला गाडी पोहोचली त्याच वर्षी. नंतर ते पद भरले गेले नाही.

टोक पुढे सरकल्यावर लांपांगची हॉटेले लगेच ओस पडायला हवी होती. तसे झाले नाही, कारण एक वाट अजून तुटलेलीच होती. चिआंग राय आणि फायाओला रेल्वे नव्हती. तिकडचा सगळा माणूस-माल लांपांगलाच उतरून मोटारीने वर जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर फाहोन्योथिन महामार्ग याच बाजूने गेला आणि स्टेशनसमोर बसगाड्या, मालट्रक उभे राहू लागले. काँक्रीटच्या तीन-चार मजली इमारती बहुतेक याच दशकांतल्या. माझे हॉटेलही त्यांतलेच, १९६० च्या दशकातले. मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी बांधलेले.

सत्तरीच्या या बाईंना मी तिथल्या रिवाजाप्रमाणे ‘पा’, म्हणजे मावशी, म्हणत असे. संध्याकाळी त्या काउंटरमागे पंख्याखाली बसून भाजी निवडत आणि भाचीच्या इंग्रजीचा आधार घेऊन माझ्या प्रश्नांना उत्तरे देत. सून म्हणून त्या आल्या तेव्हा हॉटेलात कोण उतरे? कापडाचे आणि तंबाखूचे एजंट. लाकडाच्या ठेक्यांचे कारकून. कोर्टात तारीख असलेली खेड्यातली माणसे, एका खोलीत सहा-सहा. आणि औषधवाले. हे औषधवाले म्हणजे थायलंडच्या गावागावांतून ट्रकवर पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन फिरणारे लोक. ते फुकट सिनेमा दाखवत आणि ऐन रंगात आल्यावर मध्येच थांबवून डोकेदुखीच्या पुड्या आणि कफावरची औषधे विकत. संवाद तिथल्या तिथे तोंडाने म्हणणारा माणूस त्यांच्याबरोबर असे. पा सांगत होत्या, की असा एक जण हॉटेलात उतरला की दुपारभर बंद खोलीतून नायक, नायिका आणि खलनायक यांचे आवाज ऐकू येत आणि स्वयंपाकघरातल्या पोरी जिन्यात जाऊन बसत.

मी आलो त्या सकाळी पांनी माझ्यापुढे एक कार्ड ठेवले होते. नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक, आणि शेवटी दोन रकाने: कुठून आलात, कुठे जाणार. अशी नोंद ठेवण्याची सक्ती १९३५ च्या हॉटेल कायद्याने आणली. १९३२ च्या क्रांतीने राजसत्तेवर घटना बसवली होती आणि नव्या सरकारला आपल्या हद्दीत रात्री कोण कुठे झोपले आहे हे जाणून घ्यायचे होते. २००४ मध्ये त्या जागी नवा कायदा आला, कार्ड राहिले. आधीच्या काळी कोणी विचारत नसे ते आता सरकार विचारू लागले. पण ते दोन रकाने मला फार आवडले. पाहुणा कुठून तरी येतो आहे आणि कुठे तरी जातो आहे, मध्ये इथे त्याची वाट तुटली आहे, ही ‘रोंगरॅम’ची व्याख्या कायद्यानेही मान्य केलेली आहे. ‘कुठे जाणार’ या रकान्यात मी ‘लांपांग’ लिहिले. पांनी ते वाचले, चष्मा वर केला आणि खोडून ‘चिआंग माय’ लिहिले.

उतरतीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९७० च्या सुमारास लांपांग-चिआंग माय रुंद महामार्ग झाला आणि तीन रात्रींचे काम दोन तासांवर आले. लांपांग प्रांतातल्या मे मो इथे लिग्नाइटच्या खाणी आणि वीजकेंद्र वाढले. त्यामुळे काही वर्षे इंजिनिअर आणि ठेकेदार मिळाले. १९९२ मध्ये त्याच केंद्राच्या सल्फर डायऑक्साइडने आसपासच्या गावांतली माणसे आजारी पडली तेव्हा पत्रकारही मिळाले. त्याआधी १९८९ मध्ये, दक्षिणेतल्या भीषण पुरांनंतर, सरकारने देशभर जंगलतोड बंद केली. लाकडाचे कारकून येईनासे झाले. बेकार झालेल्या हत्तींपैकी काही आज लांपांगजवळ हांग छात इथल्या हत्ती-संवर्धन केंद्रात पाहुण्यांना ओंडके ओढून दाखवतात. पाहुणे चिआंग मायहून येतात आणि संध्याकाळी तिकडेच परततात.

पांच्या हॉटेलात सकाळी तांदळाची पेज मिळे, कोंबड्याचे चित्र असलेल्या वाडग्यात. हे वाडगे लांपांगची ओळख आहेत. १९५० च्या दशकात जवळच्या डोंगरात पांढरी चिनी माती सापडली आणि हाक्का कुंभारांनी इथे भट्ट्या घातल्या. चित्र त्यांनी चीनमधून आणलेले. गावाचे जुने पाली नाव मात्र कुक्कुटनगर आहे. बुद्ध भिक्षेला येणार होते, गाव झोपलेले होते, म्हणून इंद्राने पांढऱ्या कोंबड्याचे रूप घेऊन लोकांना जागे केले, अशी कथा. म्हणजे दोन वेगळे कोंबडे दोन वेगळ्या दिशांनी आले आणि आता एकच समजले जातात. गावातले खरे कोंबडे साडेतीनलाच सुरू होतात, आणि खिडक्या जाळीच्या असल्याने पंख्याच्या खोलीत त्यांच्यापासून सुटका नाही.

आता ती शेवटची तुटलेली वाटही सांधली जाते आहे. देन चाय जंक्शनपासून चिआंग रायमार्गे मेकाँगकाठच्या चिआंग खोंगपर्यंत ३२३ किलोमीटरचा दुहेरी लोहमार्ग बांधायला घेतला आहे. तो फ्रेहून लांपांग प्रांतातल्या न्गाओ तालुक्यातून फायाओकडे जातो. लांपांग शहर त्याच्या वाटेवर नाही. चिआंग रायच्या बससाठी पहाटे उतरून दोन-चार तास पाठ टेकायला खोली मागणारे गिऱ्हाईक हेच पांच्या हॉटेलाचे आज उरलेले नियमित उत्पन्न. मुलगा बँकॉकला आहे, त्याला हॉटेल चालवायचे नाही. एका तरुण जोडप्याने इमारत भाड्याने मागितली आहे; त्यांना जाळीच्या विटा, मोझॅक आणि किल्ल्यांचा फळा हवा आहे, खोलीचे बाराशे बाथ घ्यायचे आहेत आणि खाली कॉफीचे दुकान काढायचे आहे. पांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांची अडचण भूमिदेवाची आहे: त्याला हलवायचे कुठे, आणि त्याच्यापुढे चहा कोण ठेवणार.

त्यांनी मला नव्या मार्गाचा नकाशा दाखवला, वर्तमानपत्रातून कापून किल्ल्यांच्या फळ्यामागे खोचलेला. देन चायवर त्यांनी बॉलपेनने गोल केला होता. तिथे स्टेशनसमोर जमीन काय भावाने मिळते, हे त्यांनी चौकशी करून ठेवले होते.